मूल आणि पैसा: एकाच्याच हाती की दोघांच्या?
आपल्या पश्चात लहान मुलाला सांभाळायला मृत्युपत्रात पालक नेमताना हा प्रश्न येतोच. मूल सांभाळणाऱ्या मावशीकडेच पैसाही सोपवला, तर कामं अडत नाहीत. शाळेची फी भरायची, दाताला तार बसवायची, कुणाची सही मागत बसावं लागत नाही. पण हिशेब विचारणारंही कुणी उरत नाही. घरखर्च आणि मुलाचा खर्च कधी एक झाला, हे भल्या माणसालाही कळत नाही. मुलाचा पैसा सांभाळायला वेगळा विश्वस्त नेमला तर पैशावर लक्ष राहतं, मात्र दोघांचं पटलं नाही तर मूलच भरडलं जातं. रक्कम मोठी असेल तर माझं मत वेगळ्या विश्वस्तालाच. फक्त कोणते खर्च त्याने अडवायचे नाहीत, हे मृत्युपत्रातच स्पष्ट लिहा. दोघांनाही आधी विचारा. पर्यायी नावंही घाला.