ब्रेक ऑइल नेमकं कुठे जातंय ते शोधून देणारं गॅरेज (पुणे, जुनी अँबेसेडर)

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते शेवटी सांगते.

बाबांची अँबेसेडर आहे, १९८७ ची मार्क फोर मॉडेल, पेट्रोल. अँबेसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ ला बंद पडला तरी बाबांचा हट्ट की ही विकायची नाही. तर झालं असं की दर आठ-दहा दिवसांनी ब्रेक ऑइल डबीवरच्या 'मिन' खुणेच्या खाली जायचं, पेडल पण आधीपेक्षा बरंच खाली जायला लागलं, आणि पार्किंगमध्ये फरशीवर मात्र एक थेंब नाही. बाबा रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवायचे आणि सकाळी चहाच्या आधी जाऊन बघायचे, तो कोरडा ठणठणीत.

आधी ज्या गॅरेजला नेली (नाव घेत नाही) त्यांनी चाकं न उघडताच मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देतो तो) किट, म्हणजे आतले रबर, बदललं, २२०० घेतले. पंधरा दिवसांत परत तेच. मग मागचं डावं चाक आतून ओलसर दिसलं तर म्हणे अ‍ॅक्सलचं ऑइल सील (गिअर ऑइल चाकाकडे येऊ न देणारं रबर) गेलंय, ते पण बदललं, त्याचे वेगळे पैसे. वर ब्रेक ऑइल ओतताना मडगार्डवर सांडलं ते कोणी पाण्याने धुतलं नाही, आठवड्यात तिथला रंग फुगून पापुद्रे निघाले. बाबा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

शेवटी ओळखीतून हे गॅरेज कळलं, नाना पेठेपासून जवळ गल्लीत आहे, पत्र्याची शेड, बोर्ड वगैरे काही नाही. मिस्त्रीकाका साठीच्या पुढचे असतील. मी सगळी कहाणी सांगायला लागले तर मधेच थांबवून विचारलं, "ताई, हँडब्रेक धरतो का?" मी म्हटलं नाही धरत, सोसायटीच्या उतारावर गाडी हळूहळू सरकते, पण त्याचा काय संबंध? तर म्हणाले हँडब्रेक केबलवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही, तो पण ढिला असेल तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, दोन्ही ब्रेकना तेच) ओले असणार, आधी तिकडेच बघू.

जॅक लावून गाडी घोडीवर घेतली, मागचं डावं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ठोकून ठोकून बाहेर. आत सगळं काळं चिकट. मला वाटलं झालं, परत ऑइल सील. काकांनी बोटावर थोडं घेऊन वास घेतला, मग पोऱ्याला स्टीलच्या ग्लासात पाणी आणायला सांगितलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावरून एक थेंब त्यात सोडला. थेंब पाण्यात विरघळून गेला! म्हणाले गिअर ऑइल असतं तर वर तरंगलं असतं आणि गंधकासारखा कुजका वास आला असता, हे ब्रेक ऑइल आहे. आधीच्या गॅरेजच्या दोन फेऱ्या, हजारो रुपये आणि उत्तर एका ग्लासात 😅

मग व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलतो तो, चाकातला) रबरी बूट, म्हणजे टोकावरचं झाकण, उचलून दाखवलं, त्याच्या आत ऑइल साचलेलं. बाबांना म्हणाले, "साहेब, पेडल दाबून धरा", तर बुटाखालून बारीक धार दिसली. म्हणजे गळत होतं ते सगळं ड्रममधेच राहायचं, लायनर पीत होता, जे उरेल ते टायरच्या आतल्या बाजूला, म्हणून फरशी कोरडी. सिलिंडर खोलला तर आत गंजाचे खड्डे, नखाला लागत होते. गाडी बरेचदा नुसती उभी असते, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याने आतून गंज धरतो. नुसतं किट टाकलं असतं तर नवीन रबर पण महिन्याभरात कापलं गेलं असतं, म्हणून अख्खा सिलिंडर नवीन. पोऱ्या नाना पेठेत गेला, पहिल्या दोन दुकानांत नव्हता, तिसऱ्यात मिळाला.

लायनर पेट्रोलने धुऊन चालतील का असं बाबांनी हळूच विचारून बघितलं. काकांनी साफ नाही सांगितलं, ऑइल आत मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं. मागच्या दोन्ही चाकांचे बदलले. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं झालेलं, सगळं काढून नवीन डॉट थ्री (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) भरलं, मग ब्रेकच्या पाइपमधली हवा काढली, सगळ्यात लांबचं म्हणून मागचं डावं चाक आधी. पेडल मारायला बाबाच बसले, "दाबा... सोडा... दाबा" असं अर्धा तास चाललं होतं, इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

एकूण ३४०० झाले सामानासकट, जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. अडीच महिने झाले, लेव्हल आहे तिथेच आहे.

आता कापलेला स्टार. संध्याकाळी देतो म्हणाले ती गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली, फोन अजिबात उचलत नाहीत, पक्कं बिल मागितलं तर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, सकाळी दहाच्या आत जा, आणि सुट्टे पैसे न्या.