जुन्या एकबारी रायफलीचं काडतूस: काळी दारू, तिचा पर्याय की स्मोकलेस?

जुन्या एकबारी रायफलीसाठी घरी काडतूस भरताना काळी दारू (जुनी, धूर करणारी बंदुकीची दारू), तिच्यासारखी पर्यायी दारू की धूररहित म्हणजे स्मोकलेस दारू वापरायची, हा प्रश्न आहे. काडतुसाचं नाव एक असलं म्हणून रायफलींची ताकद एक नसते. .४५-७० हेच घ्या. १८७३ च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड या अमेरिकी रायफलीत तेच बसतं आणि आजच्या रुगर नंबर वनमध्येही तेच. म्हणूनच काडतूस भरण्याच्या पुस्तकांत .४५-७० साठी सहसा दारूच्या भाराचे (प्रमाणाचे) तीन वेगळे तक्ते असतात: ट्रॅपडोअरचा सर्वात सौम्य, लीव्हर-अॅक्शनचा मधला आणि भक्कम आधुनिक रायफलींचा जड. तिसऱ्या तक्त्यातला भार ट्रॅपडोअरमध्ये बिनबोभाट बसतो, मात्र चाप ओढल्यावर ब्रीच (नळीचं मागचं, काडतूस भरायचं तोंड) तो सहन करेलच असं नाही. तेव्हा भार ठरवायचा तो रायफलीच्या सर्वात कमकुवत भागाकडे बघून.

त्याआधी ती रायफल झाडण्यालायक आहे का, हे जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या. ब्रीचचं कुलूप, फायरिंग पिन, केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) कडेमागची फट आणि नळीतले गंजाचे खड्डे बघायला हवेत. खैबरच्या डोंगराळ भागात घडवलेल्या मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीच्या नकलांचं पोलाद कसलं आहे, हे बाहेरून कळत नाही. नेपाळी गहेंद्र वरून मार्टिनीसारखी दिसते, पण तिची आतली यंत्रणा निराळी आहे. या दोन्ही भिंतीवरच शोभतात. शिवाय घरी काडतूस भरायला परवाना लागतो का, हे आधी बघा.

मग नळीचं माप. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून पितळी दांडीने हळूहळू नळीतून ठोकत काढा आणि त्यावर उमटलेल्या, नळीतल्या पिळदार खाचांचा व्यास घ्या. इथे एक फसगत हमखास होते. मार्टिनी-हेन्रीच्या नळीत सात खाचा असतात, ट्रॅपडोअरमध्ये तीन. खाचा विषम असल्या की एका खाचेसमोर दुसरी खाच येत नाही, उंचवटा येतो. त्यामुळे साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो आणि तुम्ही बारीक गोळी विकत घेऊन बसता. खाचांच्या संख्येशी जुळणारा व्ही-अॅनव्हिल (व्ही आकाराच्या टेकणाचा) मायक्रोमीटर वापरा. चेंबरचं (काडतूस बसतं त्या जागेचं) माप सेरोसेफ या कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठसा ओतून घेता येतं. तो ओतल्यावर साधारण तासाभराने मोजायचा, कारण आधी तो आकसतो आणि नंतर फुगतो.

आता दारू. मूळ भार पाहा: स्नायडर या ब्रिटिश रायफलीला ७० ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची गोळी, मार्टिनी-हेन्रीला ८५ आणि ४८०, ट्रॅपडोअर रायफलीला ७० आणि ४०५ (तिच्या आखूड नळीच्या कार्बाइनला ५५ ग्रेनच). ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅम. मात्र हे आकडे आजच्या केसला जसेच्या तसे लागू होत नाहीत. जुन्या केसचा तळ पातळ असायचा, आजच्या केसचा तळ भरीव असतो, त्यामुळे आत जागा कमी. .४५-७० च्या नव्या केसमध्ये ६० ते ६५ ग्रेन नीट बसते. ७० घालायची तर चांगलीच दाबावी लागते. मूळ आकडा गाठायचा अट्टहास करू नका, अचूकता त्यावर अवलंबून नाही.

काळ्या दारूचा नियम एकच: दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी नको. या मापाच्या केसना एफएफजी किंवा त्याहून जाड एफजी दाणा चालतो. साठेक सेंटिमीटर लांब ओतनळीतून केसमध्ये दारू सावकाश सोडली की दाणे घट्ट बसतात. त्यावर पुठ्ठ्याची किंवा फायबरची चकती ठेवा आणि कॉम्प्रेशन डायने (दारू दाबायच्या साच्याने) दीड ते तीन मिलिमीटर दाबा. हा दाब गोळीने देऊ नका; मऊ शिशाचा बूड पसरतो आणि काडतूस चेंबरमध्ये जाईनासं होतं. मार्टिनीत हलका भार हवा असेल तर उरलेली जागा मक्याच्या जाडसर पिठाने काठोकाठ भरतात.

गोळी वीस किंवा तीस भाग शिशाला एक भाग कथील या मिश्रणाची घ्या. काळ्या दारूचा धक्का बसला की मऊ गोळी फुगून खाचांत घट्ट बसते. वंगण मधमाशीचं मेण आणि चरबी यांचं असावं. खनिज तेलाच्या ग्रीसने जळका थर डांबरासारखा कडक होतो आणि पाचव्या-सहाव्या बारालाच नेम भरकटतो. तसाही काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन रूपात मागे उरतो. म्हणून बारांच्या मधे चेंबरकडून नळीत तीन-चार वेळा तोंडाची वाफ सोडतात. त्या ओलाव्याने थर मऊ राहतो. हे अर्थात ब्रीच उघडी आणि रिकामी असतानाच. घरी आल्यावर नळी आणि केस गरम पाण्याने धुवायच्या, उद्यावर ढकलायच्या नाहीत.

या धुण्याला कंटाळून लोक पर्यायी दारूकडे वळतात, पण धुणं काही सुटत नाही. पायरोडेक्स या पर्यायी दारूचा अवशेषही नळी गंजवतो. ती काळ्या दारूपेक्षा हलकी आहे, म्हणून भरायची आकारमानाने. तराजूवर काळ्या दारूइतकं वजन घातलंत तर भार जास्त होतो. ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या पर्यायी दारूत गंधक नाही, ती पाण्याने सहज धुतली जाते, पण जोर जास्त असल्याने आकारमान साधारण १५ टक्के कमी घ्यावं लागतं, आणि ती जोराने दाबायचीही नाही. दोन्ही काळ्या दारूइतक्या सहज पेटत नाहीत, म्हणून अनेकजण मॅग्नम प्राइमर (दारू पेटवणारी, जास्त जोराची टोपी) वापरतात. खरी काळी दारू मिळत नसेल तरच हा मार्ग घ्यावा.

स्मोकलेसचं आकर्षण समजण्यासारखं आहे: धूर नाही, धुलाई कमी. धोका मात्र केसच्या आकारातच दडलेला आहे. ७० ग्रेन काळ्या दारूसाठी बनवलेल्या केसमध्ये स्मोकलेसचा छोटा भार तळाशी पडून राहतो. चुकून तोच दुसऱ्यांदा पडला तरी केस भरल्यासारखी दिसत नाही. म्हणून सगळ्या केस ठोकळ्यात उभ्या ठेवून, प्रत्येकीत विजेरी मारून पातळी बघितल्याशिवाय एकही गोळी बसवायची नाही. दुसरी अडचण ही की दारू पुढे सरकली किंवा मागे, यावर दाब बदलतो. अॅक्युरेट ५७४४ सारखी स्मोकलेस दारू या बाबतीत बरी, आणि तिचे ट्रॅपडोअरसाठीचे छापील तक्ते उपलब्ध आहेत. तक्ता नसेल तर अंदाजाने भरू नका. अल्प भारावर चकती दाबून मधे पोकळी ठेवली, तर गोळीच्या बुडाशी चेंबरला कडं (फुगीर वलय) पडतं. अशा चेंबरमध्ये केस अडकते आणि ती नळी कायमची बिघडते. काळ्या दारूखाली चिमूटभर स्मोकलेस घालण्याचा दुहेरी भार जुन्या रायफलीत नकोच. सौम्य स्मोकलेसने गोळी फारशी फुगत नाही, त्यामुळे ती खाचांच्या मापापेक्षा हजारांश-दोन हजारांश इंच मोठीच हवी.

मार्टिनी आणि स्नायडर असेल तर आम्ही विचार न करता काळी दारू म्हणू. दोन्हींच्या केस २४ गेजच्या पितळी शॉटगन-केसपासून बनवता येतात. ट्रॅपडोअर सुस्थितीत असेल, गोळ्या भरपूर झाडायच्या असतील आणि तक्ता हातात असेल, तर ५७४४ चा विचार करता येईल. रोलिंग ब्लॉक ही एकबारी रायफल असेल तर ती कोणत्या काळातली आहे हे आधी ठरवा. काळ्या दारूच्या जमान्यातली आणि नंतर धूररहित दारूसाठी बनलेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या खेपेला पाचच काडतुसं भरा. प्राइमर चपटा होतो का, यावर दाब जोखू नका. तो चपटा होईपर्यंत दाब या रायफलींच्या मर्यादेच्या कधीच पुढे गेलेला असतो. लीव्हर किंवा ब्लॉक नेहमीपेक्षा जड उघडला, केस ओढावी लागली किंवा प्राइमरभोवती काजळी आली, तर उरलेली काडतुसं तशीच परत आणा, गोळ्या काढा आणि भार कमी करा.