क्लिफ्स ऑफ डोव्हर ब्लिट्झ: नुसता शूटिंगचा गेम हवा असेल तर याच्या नादी लागू नका

आयएल-2 स्टुर्मोविक या कॉम्प्युटर गेम मालिकेतला हा विमान उडवायचा सिम्युलेटर मूळ 2011 चा, पण मी बोलतोय 2017 ला आलेल्या ब्लिट्झ एडिशनबद्दल. विषय 1940 ची बॅटल ऑफ ब्रिटन, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटन-जर्मनीची हवाई लढाई, म्हणजे खाली इंग्लिश खाडी, वर ब्रिटिशांची स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमानं आणि समोरून येणारी जर्मन मेसरश्मिट 109. युद्धातल्या पायलटला कॉकपिटमध्ये नक्की काय काय सांभाळावं लागायचं हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने हा घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली गंमत जमिनीवरच. स्पिटफायरचं नाक एवढं लांब की सरळ समोरचं काहीच दिसत नाही, मग डावीउजवीकडे वळवत वळवत धावपट्टीपर्यंत न्यायचं, आणि तेही पटापट, कारण रेडिएटर पंखाखाली चाकाच्या दांड्यामागे असल्यामुळे जमिनीवर हवा नीट मिळत नाही आणि तापमानाचा काटा चढतच जातो. इथे वेळ घालवला की उडायच्या आधीच इंजिन गेलं समजा.

पण खरी कमाल वर गेल्यावर कळते. 109 च्या मागे लागलात, त्याने नाक खाली दाबून सरळ डाइव्ह मारली आणि तुम्हीपण तशीच स्टिक (विमान वळवायचा दांडा) पुढे ढकललीत की तुमच्या स्पिटफायरचं मर्लिन इंजिन खोकतं, सेकंदभर बंदच पडतं, आणि तेवढ्यात तो हाताबाहेर जातो. हे असंच व्हायचं खरोखर. मर्लिनला कार्ब्युरेटर होता, निगेटिव्ह जी आला, म्हणजे नाक झटकन खाली दाबल्यामुळे सगळं वर फेकलं जायला लागलं, की पेट्रोलचा पुरवठा बिघडायचा, जर्मन इंजिनात डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडायची सोय, असल्यामुळे त्यांना हा त्रासच नाही. म्हणून ब्रिटिश पायलट आधी विमान उलटं करायचे आणि मग स्टिक ओढून खाली जायचे. पुढे 1941 मध्ये बीट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईंनी भोक पाडलेली एक छोटीशी चकती बसवून हे बरंचसं आटोक्यात आणलं, पण 1940 च्या पोरांना ती मिळालेली नव्हती. सिम्युलेटरने हे जसंच्या तसं ठेवलंय याबद्दल करणाऱ्यांना मनापासून दाद.

गोळ्यांचंही तेच. स्पिटफायरला आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीला 300 गोळ्या, ऐकायला भरपूर वाटतं पण ट्रिगर दाबून धरला तर साधारण 15 सेकंदात सगळं संपतं. लांबून मारून काही होत नाही, आरशात बघून मागे कोणी नाही ना याची खात्री करत अगदी जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की धडकायची भीती. बहुतेक वेळ तर नुसतं बघण्यातच जातो, सूर्याकडे, मागे, खाली, परत सूर्याकडे. ज्याने आधी बघितलं त्याचं पारडं जड, वळण्याबिळण्याचं कौशल्य नंतर. त्या काळातले पायलट गळ्याला रेशमी स्कार्फ बांधायचे ते मान सारखी वळवून कॉलरने सोलून निघू नये म्हणून, हे इथे हेड ट्रॅकिंग (डोकं वळवलं की गेममधलं दृश्यही वळतं ती सोय) लावून उडलं की एकदम पटतं.

जर्मन बाजूनेही उडून बघा. लंडनपर्यंत गेलेल्या 109 ला तिथे जेमतेम दहा मिनिटं लढायला मिळायची, नंतर परत खाडी ओलांडायला इंधन पुरवायचं असायचं, त्यामुळे एक डोळा सतत इंधनाच्या काट्यावर.

जे कुठल्याच सिम्युलेटरला जमत नाही ते इथेही नाही. पाच जी म्हणजे वजन पाचपट, 70 किलोचा माणूस 350 किलोचा होतो, स्क्रीन काळवंडते पण अंगाला काहीच होत नाही. थंडी नाही, आणि समोरच असलेल्या पेट्रोलच्या टाकीला आग लागली तर काय ही धास्तीही नाही. ती पोरं विशी-बाविशीची होती आणि दिवसातून तीन तीन चार चार वेळा वर जायची हे खेळताना विसरू नये असं मला वाटतं.

कीबोर्डवर मात्र अजिबात जमणार नाही, जॉयस्टिक पाहिजेच आणि शक्य असेल तर रडर पेडलपण (नाक डावीउजवीकडे वळवायला पायाने दाबायची). नवीन असाल तर इंजिन सांभाळायचे अवघड ऑप्शन्स सुरुवातीला बंद ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. पण विमानांवर नाव दाखवणारी लेबलं आणि बाहेरून बघायचा कॅमेरा लवकरात लवकर बंद करा, कारण ते चालू असेपर्यंत मागून कोण येतंय ते तुम्हाला आयतंच दिसत राहणार.