स्पॅनिश कंडिशनल: काही महिने रोज वापरल्यावर

मेक्सिकोच्या क्लायंटशी रोज कॉल असतात, त्यामुळे कंडिशनल, म्हणजे 'केलं असतं' अशा अर्थाचं क्रियापदाचं रूप, हा काळ परीक्षेपुरता पाठ करून सोडता आला नाही, चांगला राबवून घेतला. रूप बनवायला अगदी सोपं. डोकं खातात ती त्याच्या शेजारची रूपं.

क्रियापदाचं शेपूट तोडायचंच नाही. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (राहणे) अख्खी ठेवायची आणि पुढे ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन लावायचं: आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. वर्तमानकाळात तीन गटांचे प्रत्यय घोकून जीव मेटाकुटीला येतो, इथे तिघांना एकच माप. त्यातलं ईआइस मेक्सिकोत कुणी वापरत नाही, तेवढंच ओझं कमी.

सगळ्यात जास्त कामाला येतो तो बोलणं मऊ करायला. 'देबेमोस एनबिआर एल रेपोर्ते' म्हटलं की रिपोर्ट पाठवायलाच हवा असा सूर लागतो. 'देबेरीआमोस' म्हटलं की 'पाठवलेला बरा'. आवाज तुटला की 'ले इंपोर्तारीआ रेपेतीर्लो?' म्हणायचं, समोरचा न कुरकुरता पुन्हा सांगतो.

मीटिंगचा वृत्तांत लिहितानाही तो लागतोच. आपण सरळ 'सोमवारी फोन करतो म्हणाला' म्हणतो, त्याचे शब्द तसेच ठेवतो. स्पॅनिशमध्ये 'फोन करतो' हे कंडिशनलमध्ये जातं: 'दिखो के यामारीआ एल लूनेस'. व्याकरणकार आंद्रेस बेल्यो यांनी १८४७ च्या व्याकरणात याला पोस्प्रेतेरितो (भूतकाळानंतरचा) म्हटलं ते याच वापरावरून. मेक्सिकोत तेच नाव चालतं. 'तेव्हा दहा वाजले असतील' हा अंदाजही यातच: 'सेरीआन लास दिएस'.

आता तक्रारी. 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच, त्यामुळे कोण ते वेगळं सांगावं लागतं. कोमीआ (खायचो) आणि कोमेरीआ (खाल्लं असतं) यांत फरक एका 'एर'चा, फोनवर तो सहज निसटतो.

मराठी माणसाला खरा फटका 'सी'च्या, म्हणजे 'जर'च्या वाक्यात. 'पैसे असते तर फिरलो असतो', आपल्याकडे दोन्हीकडे असते-असतो. तिथे कंडिशनल फक्त दुसऱ्या अर्ध्यात: 'सी तुबिएरा दिनेरो, बियाखारीआ'. उत्तर स्पेनमध्ये, विशेषतः बास्क भागात, लोक 'सी तेन्द्रीआ', म्हणजे 'जर'च्या भागातही कंडिशनल, बिनधास्त बोलतात, पण परीक्षेत ते चूकच. म्हणून 'जर'च्या भागात लागणारी तुबिएरासारखी रूपं याच्या जोडीनेच शिकायला घ्या. तेनेर (जवळ असणे), पोदेर (शकणे) यांसारखी डझनभर अनियमित क्रियापदं नंतर पाहिली तरी चालतील, भविष्यकाळ येत असेल तर ती अर्धी पाठच असतात.