१५% सूट देणारं मेडिकल, पण नंबर देण्याआधी हे वाचा

दोन स्टार देतेय, तेही औषधं खरंच सगळी मिळतात म्हणून. आमच्या कोपऱ्यावर दीड वर्षापूर्वी हे मोठं मेडिकल सुरू झालं, रात्री ११ पर्यंत उघडं असतं, आईचं इन्सुलिन बर्फाच्या पाऊचसकट देतात, स्टाफही उद्धट नाही. मोबाईल नंबर सांगितला की १५% सूट, नाहीतर एमआरपी. माझं महिन्याचं बिल १८४० च्या आसपास म्हणजे २७६ रुपये वाचतात, दहा आकडे तर सांगायचेत, म्हणून पहिल्याच दिवशी देऊन टाकला.

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या गर्दीत मी फक्त तापाची गोळी आणायला गेले. काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि मोठ्याने म्हणाला, "मॅडम, तुमची एसिटालोप्राम संपली असेल, देऊ का?" मागे खालच्या मजल्यावरच्या काकू. दुसऱ्या दिवशी जिन्यात, "कसलं गं एवढं टेन्शन घेतेस?" ती डिप्रेशनची गोळी, हे मी इथे स्वतःहून लिहितेय, पण काकूंना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते मला ठरवायचं होतं. त्या मुलावर राग नाही, त्याला स्क्रीनवर जे दिसलं ते त्याने विचारलं.

मॅनेजरला म्हटलं माझी जुनी बिलं काढून टाका, तर म्हणे सिस्टीममधून निघत नाहीत, हेड ऑफिसला मेल करा. १९ दिवस झाले, उत्तर नाही. खरंतर मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक विभागाने दुकानदारांना सांगितलंय की बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका. शेड्यूल एच१ या सरकारी यादीतल्या, कडक नोंद लागणाऱ्या औषधांसाठी पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ३ वर्षं ठेवावंच लागतं, ते मान्य, पण तिथेही मोबाईल नंबर मागितलेला नाही.

मी परत गल्लीतल्या जुन्या मेडिकलमध्ये जायला लागलेय. तिथल्या काकांनाही आमच्या घरातलं सगळं माहितीये, पण ते चिठ्ठी बघतात, गोळ्या खाकी पाकिटात घालून पाकीट दुमडून हातात देतात आणि "आई बरी ना?" एवढंच विचारतात. सूट ५%, म्हणजे महिन्याला १८४ रुपये जास्त जातात. नवरा म्हणतो आता कळलंच आहे सगळ्यांना तर कशाला घालवतेस, पण मला ते पैसे जड वाटत नाहीत.

शेजारचे आजोबा मात्र पेन्शनवर, दोघांच्या औषधांचे ६००० होतात, त्यांचे ९०० वाचतात, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू नंबर देऊ नका म्हणून? राग याचाच येतो, ज्याला औषधं जास्त त्यालाच सूट सोडणं परवडत नाही आणि त्याचंच सगळं त्या स्क्रीनवर.

इन्सुलिन जुन्या मेडिकलमध्ये कधी कधी नसतं तेव्हा इथे जावंच लागतं. "नंबर नाही द्यायचा" म्हटलं की एमआरपीने बिल होतं, फक्त तो मुलगा दोनदा विचारतो.