प्रदर्शनात ट्रॅपिस्ट-१ ठेवावा का प्रॉक्सिमा?

पुतणी दहावीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दुसऱ्या ताऱ्याभोवतीचे ग्रह दाखवायचे म्हणते, पण दोन ताऱ्यांत अडकून राहिली, रोज विचारते काका कोणता घेऊ. यूट्यूबवरचं "दुसरी पृथ्वी सापडली" ते सोडून दे म्हटलं.

अंतरात प्रॉक्सिमा जिंकते, 4.24 प्रकाशवर्षं, सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा. ट्रॅपिस्ट-१ चाळीसेक. साध्या डोळ्यानं दोन्ही दिसत नाहीत, पण मे महिन्यात गच्चीवर झोपतो तेव्हा रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला पार खाली अल्फा सेंटॉरी चमकते, प्रॉक्सिमा तिच्याच कुटुंबातला, तेवढं तरी बोट दाखवून सांगता येते.

खरा फरक दाखवण्यात आहे. प्रॉक्सिमाचा ग्रह 2016 मध्ये तारा किंचित डोलते त्यावरून सापडला, हे मॉडेलमध्ये करणं लय कठीण. ट्रॅपिस्टचे सातही ग्रह ताऱ्यासमोरून जातात, उजेड एक टक्क्याच्याही आत कमी होते, तेवढ्यावरून ओळखले. काल रात्री लाइट गेली तेव्हा आम्ही करूनच पाहिलं, टॉर्चसमोरून दोऱ्याला चिकटवलेला तुरीचा दाणा हळूच नेला, भिंतीवर सावली सरकली अन् पोरगी एकदम गप्प झाली. खर्च शून्य. सगळ्यात आतल्या ग्रहाचं वर्ष दीड दिवसाचं, बाहेरच्याचं एकोणीसेक दिवसांचं, हे ऐकून तर लहान पोरंही थांबतीन.

हातानं करून दाखवायचं असन तर ट्रॅपिस्ट घ्या. नुसतं पोस्टर लावून भाषण द्यायचं असन, जवळचा शेजारी कोण ते सांगायचं असन, तर प्रॉक्सिमा बरा.