रक्तातल्या कॅन्सर पेशी पकडायची चिप, नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये सहा महिने वापरून

डिसेंबरमध्ये आम्ही पाच चिपचा एक पॅक मागवला, रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशी म्हणजे सीटीसी पकडायला पोरांना हाताने शिकवायचं म्हणून, आणि पाचही आता वापरून झाल्यात. मागवायच्या आधी मी प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा अनुभव खूप शोधला आणि मिळाली ती सगळी ब्रोशरं, म्हणून हे लिहितेय. मी नाशिकमध्ये बायोटेक शिकवते. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा प्रकारच्या कुठल्याही चिपला यातलं बरंचसं लागू पडेल.

चिप म्हणजे मायक्रोस्कोपच्या स्लाइडएवढी काच, तिच्यावर पीडीएमएसचा म्हणजे सिलिकॉन रबराचा पारदर्शक थर, आत बारीक रस्ते आणि त्यात खांबांच्या रांगा, पुढे पुढे फटी कमी होत जातात आणि शेवटची फट ८ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दिंडोरी पिंपळगावकडे एक्सपोर्टची द्राक्षं पॅक होताना ज्यांनी पाहिलीत त्यांना पटकन कळेल, मणी रिंगमधून बघतात आणि लहान मणी बाजूला काढतात, तसंच. फक्त इथे मणी किती मऊ आहे त्यावरही सगळं ठरतं. लाल पेशी चपट्या आणि लवचिक, सरळ निघून जातात, पांढऱ्या पेशी मोठ्या असल्या तरी बहुतेक अंग चोरून निघतात, आणि ट्यूमरची पेशी मोठी, तिचं केंद्रक भलं मोठं, ती अडकते.

हे किती अवघड आहे ते आकड्यांवरून बघा. १ मिली रक्तात साधारण ५०० कोटी लाल पेशी, ४० लाख ते १ कोटी पांढऱ्या, आणि कॅन्सर पसरलेल्या पेशंटमध्येसुद्धा सीटीसी बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, कधी एकही नाही. अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने ऑस्ट्रेलियात १८६९ साली एका मृत पेशंटच्या रक्तात ट्यूमरसारख्याच पेशी पाहून लिहून ठेवलं होतं, पण त्या चिपवर पकडायला २००७ उजाडलं. त्या वर्षी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या टीमने ७८,००० खांबांची चिप केली आणि खांबांवर ईपीकॅमची, म्हणजे बऱ्याच ट्यूमर पेशींच्या पृष्ठभागावर असणाऱ्या एका प्रथिनाची, अँटीबॉडी लावली, म्हणजे पेशी येऊन चिकटायची. आम्ही मुद्दाम अँटीबॉडी नसलेली, नुसत्या आकारावर चालणारी घेतली. काही कॅन्सर पेशी पसरताना ईपीकॅम कमी करतात किंवा टाकूनच देतात आणि मग त्या अँटीबॉडीच्या हातातून निसटतात, हे एक कारण. दुसरं म्हणजे कुरियरने अँटीबॉडी थंड पोचेल याची मला खात्री नव्हती.

पेशंटचं रक्त आम्ही वापरलं नाही. पुण्याच्या एनसीसीएस या पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्थेतून एमसीएफ-७ ही ब्रेस्ट कॅन्सरची सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, आणली, फ्लास्क मांडीवर घेऊन पुणे-नाशिक प्रवास केला, आणि एथिक्स कमिटीची परवानगी काढून सहकाऱ्यांच्या रक्तात मोजून १०० पेशी टाकल्या आणि किती परत मिळतात ते बघितलं. रक्त काढताना पहिली ट्यूब बाजूला ठेवा, सुई कातडीतून जाताना कातडीच्या पेशी सोबत येतात आणि त्या नंतर कॅन्सर पेशीसारख्या दिसून फसवतात.

पहिल्या रनला चिपवर मिळाल्या ५२. मी एवढी नाराज झाले की चिप परत पाठवायची मेल अर्धी लिहून झाली होती. मग आमच्या एका विद्यार्थिनीने सिरिंज आणि नळी बफरने, म्हणजे पेशींना चालणाऱ्या मिठाच्या पाण्याने, धुतली आणि ते पाणी स्लाइडवर घेतलं तर त्यात २३ पेशी! चिपचा दोषच नव्हता. रक्त हळूहळू चिपमध्ये ढकलणारा सिरिंज पंप आडवा ठेवला होता, पेशी हळूहळू तळाशी बसत होत्या आणि नळीत चिकटत होत्या. मग पंप उभा केला, तोंड खाली, नळी कापून बोटभर ठेवली, शेवटी बफरने पुन्हा ढकललं, आणि पुढचे तीन रन ७८, ८१, ७४. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे, कारण नवीन माणूस ५२ वरच थांबेल आणि चिपला नावं ठेवून मोकळा होईल.

बुडबुड्यांचं पण तसंच, पीडीएमएसला पाणी आवडत नाही, आधी ७० टक्के इथेनॉलने ओली करा, मग पीबीएस हे बफर, मग पेशी भिंतीला चिकटू नयेत म्हणून १ टक्का बीएसए हे प्रथिन अर्धा तास, नाहीतर एक बुडबुडा अडकला की त्या रांगेचा सगळा प्रवाह बिघडतो. आणि यूपीएस लागतोच. मे महिन्यात मध्येच लाईट गेली, वीस मिनिटं रक्त चिपमध्ये उभं राहिलं आणि चिप चोक झाली, ती मग धुवूनही सुटली नाही. ते नुकसान आमचंच. पण एक चिप काच आणि रबराच्या जोडावर गळत होती, ती मात्र कंपनीची चूक, आणि बदलून मिळायला तीन आठवडे आणि चार फोन लागले.

आता ओळख पटवायचा भाग. पकडलं म्हणजे झालं असं नाही, चिपवर शेकडो पांढऱ्या पेशीपण अडकलेल्या असतात. केंद्रकाला डॅपी हा रंग, त्याने निळं दिसतं, ट्यूमर पेशीतल्या सायटोकेरेटिन या प्रथिनाला हिरवा रंग, आणि पांढऱ्या पेशीवरच्या सीडी४५ या प्रथिनाला लाल. निळं आणि हिरवं आहे, लाल नाही, तर ती आपली पेशी. हा प्रकार पहिल्यांदा डोळ्याने दिसला तेव्हा लॅबमधले मामासुद्धा काम टाकून बघायला आले होते, आणि मी तो दिवस विसरणार नाही. इथे अडचण एकच, चिपचा तळ १ मिमी जाड काचेचा आहे, त्यामुळे मोठ्या पॉवरचं ऑब्जेक्टिव्ह जवळ जाऊनही फोकस होत नाही. १०एक्सवर मोजता येतं, पण केंद्रकाचा आकार नीट बघायचा तर ०.१७ मिमीची कव्हरस्लिप काच हवी.

एक गोष्ट मनापासून सांगायचीय. सिडकोतल्या माझ्या मावशीचं मागच्या वर्षी ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, ती म्हणाली, अगं तुझ्या त्या चिपवर माझं रक्त बघून दे ना, सारखी धाकधूक असते. मी नाही म्हटलं, आणि नाही म्हणताना माझा गळा भरून आला. आमची चिप शिकण्यासाठी, रिसर्चसाठी आहे. शून्य पेशी आल्या म्हणजे आजार नाही असं म्हणता येत नाही, आणि दोन आल्या तर मी तिला काय सांगणार होते? अमेरिकेत सेलसर्च या सीटीसी मोजायच्या टेस्टला २००४ मध्ये परवानगी मिळाली, तीसुद्धा कॅन्सर पसरलेल्या पेशंटचा आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज बांधायला, ७.५ मिली रक्तात ५ किंवा जास्त पेशी हा ब्रेस्ट कॅन्सरचा आकडा. आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एस०५०० ट्रायलमध्ये, एका केमोनंतर सीटीसी कमी झाल्या नाहीत म्हणून लगेच दुसरी केमो दिली, तरी पेशंटचं आयुष्य वाढलं नाही. हे मी मावशीला जमेल तसं सोप्या भाषेत सांगितलं, आणि तिच्या डॉक्टरांकडे तिच्याबरोबर फॉलोअपला गेले.

तर पाचपैकी साडेतीन स्टार. पकडते चांगली, खांब सरळ आहेत, एकही कोसळलेला दिसला नाही, पीजीच्या पोरांना शिकवायला तर फारच छान. अर्धा स्टार मॅन्युअलचा कापला, अर्धा गळक्या चिपचा, अर्धा जाड काचेचा. पुढचा पॅक कव्हरस्लिप तळ देणार असतील तरच मागवू, तसं त्यांना कळवलंय, उत्तर आलं की इथेच खाली टाकते.